गाभारा झाला, सभामंडप राहिला

पॅरिसचं स्वस्त तिकीट मिळालं म्हणून हरखलेल्या माणसाला बोवे हे गाव कळतं ते तिकिटावरच्या बारीक अक्षरांतून. विमानतळाचं नाव पॅरिस-बोवे. त्यातलं बोवे खरं, पॅरिस तिथून ऐंशीएक किलोमीटरवर. लोणावळ्याला उतरवायचं आणि मुंबई आली म्हणून सांगायचं, त्यातला प्रकार.

परतीच्या दिवशी मी सकाळीच तिथे येऊन बसले आणि डब्लिनच्या विमानासमोर नवी वेळ झळकली. अर्ध्या तासाने आणखी नवी. दुपारी दीडचं विमान रात्री नऊवर गेलं तेव्हा मी बॅग उचलली. कॉफी देणाऱ्या बाईला विचारलं, गावात बघण्यासारखं काय आहे? ती म्हणाली, "कॅथेड्रल आहे. पण अर्धंच आहे." बिल्डर पैसे घेऊन पळाल्यासारखा तिचा सूर होता.

अर्धंच म्हणजे काय, ते बस गावात शिरल्यावर दिसलं. बोवे तसं बुटकं गाव. १९४० च्या जूनमध्ये जर्मन बॉम्बफेकीत जुनं गाव जळून गेलं. नंतर जे उभं राहिलं ते दोन-तीन मजली, नीटनेटकं, कुठेही असू शकेल असं. त्या छपरांमधून एकाएकी एक दगडी कडा वर येतो. कडाच म्हणायचा तो. लांबीला आखूड, उंचीला बेफाम. एखादं जहाज मधोमध कापून पुढचाच तुकडा उभा करून ठेवल्यासारखा.

आपल्या देवळाच्या भाषेत सांगायचं तर इथे गाभारा आहे, गाभाऱ्यापुढचं अंतराळ आहे, पण सभामंडप नाही. युरोपातली मोठी चर्चं साधारण क्रूसाच्या आकाराची असतात. पूर्वेकडचं डोकं म्हणजे क्वायर, तिथे वेदी असते आणि पाद्री बसतात. आडवे हात म्हणजे ट्रान्सेप्ट. पश्चिमेकडे लांब पसरलेलं धड म्हणजे नेव्ह, तिथे सगळं गाव मावतं. बोवेच्या सेंट पीटरच्या कॅथेड्रलला डोकं आहे, हात आहेत, धड नाही. जिथे धड असायला हवं तिथे एक बंद भिंत आहे, आणि भिंतीपलीकडे एक म्हातारं, ठेंगणं चर्च. त्याच्याकडे मी शेवटी येते.

मी इंजिनियर नाही, बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते. पण कराडच्या एका गवंडी-ठेकेदाराची मुलगी आहे, त्यामुळे ओळंबा, गुण्या, परांची हे शब्द मला पाढ्यांच्या आधी आले. डिसेंबर १९६७ मध्ये कोयनेचा भूकंप झाला तेव्हा बाबा सतरा-अठराचे होते. कराड-पाटण भागात तडकलेल्या भिंतींची जी कामं निघाली, त्यांत ते थापी धरायला शिकले. त्यामुळेच असेल, नव्या बांधकामापेक्षा त्यांना डागडुजीचं अप्रूप जास्त. भेग दिसली की ते तिच्यावर काचेची एक पट्टी आडवी चिकटवायचे. पट्टी शाबूत राहिली तर भेग मेलेली, तडकली तर जिवंत. आमच्या परसातल्या भिंतीवर अशा तीन पट्ट्या होत्या आणि शाळेत जाताना त्या बघून जायचं काम माझं होतं.

तर मी आत शिरले आणि मान मागे गेली. इतकी मागे की तोल सावरायला बॅगेवर बसावं लागलं.

छत ४८ मीटरवर आहे. सोळा मजली इमारत घ्यायची आणि मधले सगळे मजले काढून टाकायचे. गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन चर्चांमध्ये एवढ्या उंचीचं दगडी छत जगात दुसरं नाही. वरच्या खिडक्या एवढ्या मोठ्या की भिंत अशी उरतच नाही. काच, काचेमध्ये दगडाच्या काड्या, आणि त्यांच्यावर ते छत, कशावर टेकलंय याचा पत्ता लागू न देणारं. आदल्या दिवशी मी पॅरिसला नोत्र दाम पाहिलं होतं. २०१९ च्या आगीनंतर धुऊन-पुसून, २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा उघडलेलं. सुंदर आहे, नाही कोण म्हणतंय. पण तिथलं छत ३३ मीटरवर, आणि खाली एवढी रांग की आपण देवळात नसून पासपोर्ट ऑफिसात आहोत असं वाटावं. इथे त्याच्यावर आणखी पाच मजले, आणि खाली मला धरून अकरा माणसं. त्यांतली सहा एका घड्याळासमोर उभी होती.

ही उंची एका दिवसात सुचलेली नव्हती. ११४० च्या दशकात पॅरिसच्या बाहेर सँ-दनीच्या मठात स्युजे नावाच्या मठाधिपतीने नवा क्वायर बांधवून घेतला. टोकदार कमान आणि छताच्या दगडी फासळ्या या गोष्टी आधीही कुठे कुठे होत्या, तिथे त्या एकत्र जुळल्या आणि आत उजेड आला. मुद्दा उजेडाचाच होता. दगडी कमान खाली दाबते तशी बाजूलाही रेटते. हा रेटा पेलायचा तर भिंत जाड हवी, भिंत जाड केली की खिडकी लहान होते आणि आत काळोख. टोकदार कमान गोल कमानीपेक्षा कमी रेटते. उरलेला रेटा पेलण्याचं काम गवंड्यांनी भिंतीकडून काढून घेतलं आणि ते बाहेर नेलं. भिंतीपासून लांब एक जाडजूड दगडी बुरूज, आणि त्याच्यापासून भिंतीपर्यंत हवेतून गेलेली अर्धी कमान. फ्लाइंग बट्रेस म्हणतात त्याला. गिरगावात मोडकळीला आलेल्या चाळीला बाहेरून तिरक्या बल्ल्या लावलेल्या असतात, तोच हा टेकू. फक्त दगडाचा, आणि लपवायचा सोडून मिरवायचा.

एकदा टेकू बाहेर गेला की मग वर जायला कोण अडवतं? शार्त्रचं कॅथेड्रल ११९४ मध्ये जळालं आणि नवं ३७ मीटरचं झालं. रँसचं ३८. आमियांने १२२० मध्ये काम काढलं ते ४२ वर नेलं. आणि आमियां बोवेपासून साठेक किलोमीटरवर. शेजाऱ्याने माडी चढवली की आपल्या घराचं छप्पर एकाएकी ठेंगणं दिसायला लागतं, हे कुणाला वेगळं सांगायला नको. १२२५ मध्ये बोवेच्या जुन्या चर्चला आग लागली. तिथल्या बिशपने, मिलों द नांतयने, नवं कॅथेड्रल काढलं आणि दहा वर्षं उत्पन्नाचा दहावा हिस्सा त्याच्याकडे वळवला. पुढे राजाशी भांडणं झाली, पैसा आटला, बिशप बदलले. तरी १२७२ मध्ये क्वायर पुरा झाला. सत्तेचाळीस वर्षं लागली.

मग एक तप उलटलं, आणि २९ नोव्हेंबर १२८४ ला छत खाली आलं.

सगळं नाही. पूर्वेकडचा अर्धगोल भाग टिकला. त्याच्या अलीकडचे सरळ खण कोसळले. हे खण मुळात फार रुंद होते. खांबांमधली जागा मोठी ठेवली की गाभारा मोकळा दिसतो, उजेड खेळतो. दिसायला छान, पेलायला कठीण.

का पडलं, यावर साडेसातशे वर्षांनीही एकमत नाही. नोत्र दामचा जीर्णोद्धार करणारे व्हियोले-ल-द्युक एकोणिसाव्या शतकात म्हणाले, की दोष सांध्यांचा. चुन्याचा सांधा सावकाश सुकतो, सुकताना बसतो. मोठ्या दगडी थरांच्या खांबात असे सांधे पुष्कळ, त्याला चिकटलेल्या बारीक स्तंभिका मात्र लांब अखंड दगडाच्या, त्या बसत नाहीत. मग भार भलत्याच ठिकाणी जातो आणि एखादी स्तंभिका काडीसारखी मोडते. दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. १९७० च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठातल्या रॉबर्ट मार्क यांनी या क्वायरच्या आडव्या छेदाचं एक प्लॅस्टिकचं मॉडेल केलं. त्याला वजनं टांगली. एकदा दगडाच्या भाराच्या प्रमाणात, एकदा वाऱ्याच्या. मग ते तापवून, वजनं तशीच ठेवून, हळूहळू थंड केलं. असं केलं की प्लॅस्टिकच्या आत बसलेला ताण तिथेच गोठून राहतो, आणि ध्रुवीकृत प्रकाशातून बघितलं की तो रंगीत पट्ट्यांसारखा दिसतो. जिथे पट्ट्यांची दाटी, तिथे ताण जास्त. त्यांना दोषी सापडला तो वारा. इंग्लिश खाडीकडून इथे वारा सुटतो, आणि एवढं उंच शीड वारं खाणारच. त्यांच्या हिशेबाने बाहेरच्या टेकूंमधल्या मधल्या खांबांना भेगा पडत गेल्या असणार, आणि त्याही खालून सहजी दिसणार नाहीत अशा जागी.

म्हणजे भेग जिवंत होती आणि तिच्यावर काचेची पट्टी लावायला कुणी वर गेलं नाही. मी बाबांना फोन लावला.

कराडला संध्याकाळ झाली होती. मोतिबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून बाबा फोन तोंडासमोर न धरता हातभर लांब धरतात, त्यामुळे मला त्यांच्यापेक्षा पंखा जास्त दिसतो. मी कॅमेरा उलटा केला आणि खांबापासून छतापर्यंत सावकाश नेला.

"किती उंच?"

"अठ्ठेचाळीस मीटर."

"फुटात सांग."

"एकशे सत्तावन्न."

"सिमिट न्हाई?"

"नाही बाबा. साडेसातशे वर्षांपूर्वीचं आहे. चुना."

मग बराच वेळ काही बोलणं नाही. "परत खाली आण," ते म्हणाले. "हां, थांब. ह्यो मधला खांब मागनं घातलाय."

मी त्यांना पडझडीचं काही सांगितलं नव्हतं. फक्त देऊळ बघा म्हटलं होतं. कसं ओळखलंत, विचारलं तर म्हणाले, "कमानी बघ की. रुंदी न्हाई आन टोक ताणल्यालं. येवढी उंची धरणारा माणूस आसा अरुंद खण आखंल व्हय? आधी खण मोठा आसणार. मधी खांब घालून त्याचं दोन केल्यात."

अगदी तेच झालं होतं. १२८४ नंतर त्यांनी सरळ भागातल्या प्रत्येक दोन खांबांच्या मध्ये नवा खांब घातला. तीन रुंद खणांचे सहा अरुंद खण झाले. छतही बदललं. आधी एका खणाच्या छताचे चार भाग होते, आता सहा झाले, कारण नव्या खांबांवरून नव्या फासळ्या निघाल्या. पन्नासएक वर्षं हे काम चाललं. मधेच इंग्लंडशी शंभर वर्षांचं युद्ध सुरू झालं.

"आन उंची? किती कमी केली?"

"नाही केली. तेवढीच ठेवली."

पंखा गरगरत राहिला. मग बाबा म्हणाले, "मंग मालक खमक्या."

बोवेची गोष्ट नेहमी एकाच चालीत सांगितली जाते. गर्वाचं घर खाली. माणसं आभाळाला भिडायला गेली, देवाने एकदा दणका दिला, ऐकलं नाहीत, मग दुसऱ्यांदा दिला. माहितीफलकापासून टूर गाइडपर्यंत सगळ्यांना ही चाल सोयीची पडते, कारण तीत दोन्ही पडझडी एका माळेत ओवता येतात. मला ती पटत नाही. पहिलं पडणं आणि दुसरं पडणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असंच मी म्हणेन.

पहिल्या वेळी गवंड्यांच्या हातात काय होतं ते बघा. गणित नाही, सामर्थ्याचे तक्ते नाहीत. होती ती आधीची चर्चं. शार्त्र उभं आहे, रँस उभं राहतंय, आमियां आणखी चार मीटर वर जातंय आणि पडत नाही. तिथून पुढची पायरी कुठे तुटते, हे कळायचा मार्ग एकच, ती चढून बघणं. आणि आमियां तरी कुठे निर्धास्त होतं? तिथे मधल्या खांबांना फुगवटा आला, भेगा पडल्या, तेव्हा १४९७ च्या सुमाराला स्पेनहून आणलेल्या लोखंडाची एक साखळी लालबुंद तापवून इमारतीच्या आतून फिरवली. थंड होताना ती आवळली. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात तशीच. ती धाव अजून आत आहे. आमियांचं चर्च पाहून माणसं म्हणतात किती निर्दोष आहे. त्यांना साखळी दिसलेली नसते.

बोवेच्या लोकांनी पडल्यावर चूक शोधली. खण रुंद होते, ते अरुंद केले. उंचीत चूक होती असं त्यांना वाटलं नाही, म्हणून उंची ठेवली. ते छत आज डोक्यावर आहे. त्यांचा अंदाज बरोबर होता. माझ्या समोरचा तो मागनं घातलेला खांब दिसायला ओबडधोबड नाही, पण लय बिघडवतो हे खरं. नजर वर जाता जाता त्याच्याशी अडखळते. मला तो फार आवडला. दुरुस्ती लपवलेली नाही.

दुसऱ्या पडण्याबद्दल मला अशी काही माया नाही.

युद्ध संपलं, पैसा आला, आणि १५०० मध्ये मार्तां शांबीज या नामांकित गवंड्याच्या हाती ट्रान्सेप्टचं काम दिलं. दक्षिणेकडचं दार बाहेरून बघा. दगडाला अशा ज्वाळा फुटलेल्या आहेत की हात लावला तर भाजेल. शतकाच्या मध्याला दोन्ही हात पुरे झाले. आता उरला होता सभामंडप. व्यवहार सांगत होता, सभामंडप घ्या. गाव दोनशे वर्षं गाभाऱ्यात दाटीवाटीने उभं होतं.

त्यांनी काय घेतलं? कळस.

क्रूसाचे हात आणि डोकं जिथे मिळतात तिथल्या चार खांबांवर जां वास्त याच्या देखरेखीखाली आधी दगडी मनोरा आणि त्यावर लाकडी निमुळता सुळका चढला. १५६९ मध्ये तो पुरा झाला तेव्हा जमिनीपासून टोकापर्यंत १५३ मीटर. तेव्हा माणसाने बांधलेली याहून उंच वस्तू पृथ्वीवर नव्हती. इंग्लंडमधल्या लिंकनचा सुळका याहून उंच होता, पण तो वीस वर्षांपूर्वीच पडला होता. बोवेच्या धर्मपंडितांना ही बातमी कळली होती की नव्हती, कोण जाणे.

आपल्याकडे "आधी कळस मग पाया" हे म्हणायलाच बरं असतं. इथे ते प्रत्यक्ष केलं होतं. पाया होता म्हणा, नव्हती ती चौथी बाजू. चार खांबांपैकी पूर्वेकडच्या दोघांना क्वायरचा आधार, उत्तर-दक्षिणेला ट्रान्सेप्टचा. पश्चिमेला, जिथे सभामंडपाने पाठ द्यायची, तिथे जवळजवळ काहीच नाही. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते फोनवर अक्षरशः ओरडले. "मंडपाबिगर कळस? एक बाजू उघडी टाकून? त्यास्नी कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

सांगितलं होतं, हेच तर वाईट आहे. सुळका चढून दोन वर्षं झाली नाहीत तोवर खांब कलायला लागले. १५७१ मध्ये राजाचे गवंडी येऊन पाहून गेले. पश्चिमेकडचे खांब उघड्या बाजूला झुकलेत, लगेच सभामंडपाचं काम घेऊन त्यांना टेकू द्या, असं त्यांनी बजावलं. इथे भेग कुणाच्या नजरेआड नव्हती. काचेची पट्टी लावली होती आणि तडकलीही होती. मग चर्चा झाली, पुढे ढकललं गेलं, पैशाचं पाहिलं गेलं.

३० एप्रिल १५७३. येशूच्या स्वर्गारोहणाचा सण होता. प्रार्थना संपली, मिरवणूक बाहेर पडली, आणि मागे सगळा मनोरा खाली आला. माणसं नुकतीच बाहेर गेल्यामुळे कुणी दगावलं नाही. वर अर्धवट लोंबकळत राहिलेले दगड-वासे उतरवायला एकही कामगार तयार होईना, तेव्हा फाशीची शिक्षा झालेल्या एकाला जीवदान कबूल करून वर पाठवलं, असं सांगतात. तो सुटला म्हणे. मला वाटतं, त्या सगळ्या प्रकरणात डोकं ठिकाणावर असलेला माणूस तो एकटाच.

उरलेला पैसा मोडकं सावरण्यात गेला. सभामंडपाचा एखादा खण सुरू करून पाहिला, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला काम थांबलं ते थांबलंच. पश्चिमेला तात्पुरती म्हणून भिंत घातली. ती तात्पुरती भिंत आज चारशे वर्षांची आहे.

घड्याळासमोरची सहा माणसं आता पंधरा झाली होती. ते घड्याळ एकोणिसाव्या शतकातलं, १८६५ ते १८६८ या काळात ऑग्युस्त-ल्युसियां व्हेरिते यांनी केलेलं. नव्वद हजार सुटे भाग. ठरलेल्या वेळी बाहुल्या हलतात, कोंबडा आरवतो, शेवटचा न्यायनिवाडा होतो, पापी नरकात जातात. मला ते लग्नाच्या हॉलमधल्या सजावटीसारखं वाटलं. त्याच्याशेजारी चौदाव्या शतकातलं एक साधं, जुनं घड्याळ आहे, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. निवाडा संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि वर न बघता निघून गेले. डोक्यावर ४८ मीटरचं छत.

उत्तरेकडच्या हाताशी मात्र सगळ्यांना थांबावंच लागतं, कारण तिथे मोठाले लाकडी-लोखंडी टेकू उभे आहेत. याचीही एक कथा आहे. बाहेरच्या बट्रेसना एकमेकांशी बांधणाऱ्या जुन्या लोखंडी सळया होत्या. १९६० च्या दशकात त्या काढल्या. कारण काय, तर त्या विद्रूप दिसतात आणि त्यांची गरज नाही. वारा सुटला आणि बट्रेस जास्तच हलायला लागले. मग घाईघाईने पोलादी सळया घातल्या. १९९० च्या दशकात आतून हे टेकू लावले, तेही तात्पुरते. नंतर कोलंबिया विद्यापीठातली मंडळी लेझर घेऊन आली आणि इमारतीच्या कणाकणाचं मोजमाप घेऊन तिची त्रिमिती प्रतिमा केली.

सळया काढणाऱ्यांचा मला राग आला नाही, हसू आलं. गिरगावात माझी आत्या ज्या चाळीत राहायची, तिच्या जिन्याखाली असाच एक तात्पुरता टेकू होता. मी पाचवीत असताना लावलेला. माझं लग्न ठरलं तेव्हा त्याच्यावर पत्रपेटी होती, विजेचा मीटर होता, आणि वरच्या खिळ्याला कुणाची तरी छत्री. एका दिवाळीला कुणीतरी रंग देताना त्यालाही रंग दिला. तेव्हापासून तो टेकू राहिला नाही, घराचा भाग झाला. इथल्या लाकडी टेकूंना अजून कुणी रंग दिलेला नाही, पण त्यांच्या खाली खुर्च्यांची एक रास लावून ठेवलेली होती आणि एका आडव्या वाशावर झाडूवाल्याचं जाकीट. सुरुवात झालीये म्हणायची.

बाहेर आले तर पाच वाजले होते. पश्चिमेकडे वळसा घेतला, त्या म्हाताऱ्या चर्चकडे.

त्याला बास-अव्र म्हणतात, म्हणजे खालचं काम. दहाव्या शतकातलं. हेच बोवेचं जुनं कॅथेड्रल. नवं पूर्वेकडून बांधत पश्चिमेला सरकायचं, आणि जसजसा सभामंडप पुढे येईल तसतसं हे पाडत जायचं, असा बेत. त्याचा पूर्वेकडचा भाग तसा पाडलाही. मग १५७३ आलं, सभामंडप राहिला, आणि उरलेले खण वाचले. मोठ्याचं काम पुरं झालं असतं तर धाकट्याचा एक दगड शिल्लक राहिला नसता. कोलोनच्या कॅथेड्रलचं काम सहाशे वर्षं रखडलं आणि १८८० मध्ये शेवटी पुरं झालं. बोवेत तसं काही झालं नाही याचा मला तरी आनंद आहे.

जवळ जाऊन पाहिलं. भिंत अगदी साधी. गोल कमानीच्या खिडक्या, नक्षी म्हणाल तर जवळजवळ नाहीच. दगड बघून मात्र मी थबकले. तळहातात मावतील असे लहान, चौकोनी, एकसारखे. हे दगड मुळात रोमन काळातल्या भिंतींचे. त्या पाडून दहाव्या शतकातल्या गवंड्यांनी इथे पुन्हा वापरले. थर सरळ, सांधे भरलेले, कोपरे ओळंब्यात. वर बघायला मान मागे टाकावी लागत नाही. मागे त्या प्रचंड कड्याची सावली पडलेली, पुढे हे. उंची कॅथेड्रलच्या खिडक्यांच्या तळापर्यंतही पोचत नाही.

मी भिंतीचा एक फोटो काढून बाबांना पाठवला. फक्त दगडांचा, वरचं-खालचं काही नाही. दोन मिनिटांत फोन आला. आता पंख्याऐवजी कपाळ दिसत होतं, म्हणजे फोन जवळ धरला होता.

"हे कुठलं?"

"त्याच्याच शेजारचं. जुनं देऊळ. हजार वर्षांचं."

"कुणी बांधलं?"

"नाव नाही बाबा कुणाचं."

"थर बघ की कसं वढल्यात. दोरीत. हितं भेग दिसंना कुठं." मग थोडं थांबून, "दगड दुसरीकडचा दिसतोय. कडा झिजल्यात. आधी कुठंतरी लागल्याला आसणार."

मी हो म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. "विमान आलं का तुझं?"